दहावीच्या वेकेशनमध्ये पोरांना दहा दिवस कामाला पाठवायचंय? बडोद्यात असं जमवा

पहिलं सांगते, ओळखीच्या एसी ऑफिसात पाठवू नका. थोरल्याला तसं पाठवलं, दहा दिवस झेरॉक्स काढल्या, मोबाइल बघितला आणि गेला तसा परत आला. धाकटीच्या वेळी रावपुऱ्याकडचं एक छोटं बाईंडिंगचं दुकान बघितलं, जिथे शेठ स्वतः खळीत हात घालतो, तसंच शोधा.

दिवाळी वेकेशन धरू नका, आधी शेठला बोलायला फुरसत नसते आणि नंतर लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) शटर बंद. बोर्डाची परीक्षा संपली की एप्रिल बरा, ऊन असतं पण काय करणार.

विचारायला पोरांनीच जायचं, आपण बाहेर स्कूटरवर बसायचं (मला अजिबात जमत नव्हतं, तरी बसले). चहाच्या वेळेला गाठायचं आणि सरळ म्हणायचं, काका पगार नको, दहा दिवस शिकायचंय, एवढ्या वाजता येईन एवढ्या वाजता जाईन. दोन दुकानांतून नाही आलं, तिसऱ्यात जमलं.

2020च्या शैक्षणिक धोरणात 6वी ते 8वीला दहा दिवस बिनदप्तराचे आहेत, सुतार-माळी-कुंभाराकडे शिकायला, आणि सुट्टीत 12वीपर्यंतच्यांनाही अशी संधी द्यावी असं लिहिलंय, पण दुकान शोधून द्यायला कोण येतंय!

तासांचं आधीच बोलून घ्या. बालकामगार कायद्यात 14 ते 18च्या मुलांसाठी सलग 3 तासांच्या वर काम नाही, मग 1 तास आराम, सगळं धरून 6 तास, आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 बंद. शिकायलाच जातेय तरी आम्ही हेच पाळलं. 14च्या आतल्यांना दुकानात कामाला लावायचंच नाही. कटिंग मशीनला हात लावायचा नाही हे शेठसमोरच सांगितलं.

काम एकच मागा पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. धाकटीने आधी नुसत्या घड्या घातल्या, मग फॉर्मे (घडी घातलेल्या छापील पानांचे संच) जुळवले, एक उलटा लागला तो शिलाई झाल्यावर कळला, सगळं उसवून परत, तेव्हापासून पानांचे नंबर बघितल्याशिवाय पुढे जात नाही. रोज रात्री वहीत चार ओळी, काय बिघडलं तेवढंच.

शेवटच्या दिवशी पेढे नको, कारीगरांसकट सगळ्यांना सेवउसळ न्या, तरी (तिखट रस्सा) वेगळी बांधून.