जर्सी सिटीतल्या शाळेच्या आठवणी लिहून काढायच्यात? मग हे वाचा

ज्यांचं हायस्कूल ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत झालं ती आपली मंडळी आता पन्नाशी ओलांडून गेलीत आणि बहुतेकांनी स्वतःच्या पोरांना एवढंच सांगितलंय की "वातावरण जरा खराब होतं". खराब म्हणजे नेमकं काय, भारतीय म्हणून कसला त्रास झाला, ते कागदावर आणायचं असेल, तर चुलतभावाला, म्हणजे आमच्या दादाला, बोलतं करताना जे जमलं त्यावरून सांगतो.

"तुला मारायचे का रे" असं थेट विचारूच नका, समोरचा "चालायचंच" म्हणून विषय मिटवतो. जागा विचारा. डबा कुठे बसून खायचास, कुठल्या जिन्याने जायचं नाही हे कोणी सांगितलं, लॉकर कुठे होता, घरी कसा यायचास. आमचा दादा मारामारीबद्दल गप्प, पण बसचा विषय निघाला आणि सुटलाच, की शाळेसमोरच्या स्टॉपवर ती त्रास देणारी पोरं उभी असायची म्हणून मी पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायचो, बर्फ पडत असला तरी, आणि आई न्यायला येते म्हणाली की नको सांगायचो, ती टिकली लावून यायची ना. असं काही आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. चहा ठेवा, रेकॉर्डिंग चालू राहू दे.

तारखा मात्र माणसाच्या भरवशावर सोडू नका, आठवणीत सगळी वर्षं एकमेकांत मिसळतात. १९८७ धरून विचारा, तेव्हा कितवीत होतास, हे त्या पत्राआधीचं की नंतरचं. त्या उन्हाळ्यात 'जर्सी जर्नल' या तिथल्या वर्तमानपत्रात डॉटबस्टर्स (डॉट म्हणजे टिकली, तिच्यावरून भारतीयांना हिणवणारं नाव) या नावाने पत्र छापून आलं होतं, भारतीयांना शहरातून घालवणार, फोनबुकात पटेल आडनाव बघून घरं शोधतो, अशी उघड धमकी (फोनबुकात पटेलांच्या खालोखाल पाटील येतात, त्या घरांत काय झालं असेल ते विचाराच). सप्टेंबरमध्ये डॉ. कौशल सरन यांना बेदम मारलं, आणि त्याच सुमारास नवरोज मोदी यांना पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की ते काही दिवसांत गेले. खटल्यात शिक्षा झाल्या त्या मारहाणीच्या, खुनासाठी कोणीच दोषी ठरलं नाही.

आता मोदींवरचा हल्ला शेजारच्या होबोकन शहरातला, जर्सी सिटीतला नाही, पण "आमच्या शाळेच्या मागेच झालं" म्हणणारे भेटतात. खोटं बोलत नसतात बिचारे, भीतीच तेवढी जवळ आलेली होती. म्हणून वहीत दोन रकाने करा, एकात डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्यात ऐकलेलं. ऐकलेलं खोडू नका, कोणाकडून ऐकलं ते लिहा. जुने अंक बघायचे तर जर्सी सिटीच्या पब्लिक लायब्ररीत न्यू जर्सी रूम आहे तिथे चौकशी करा, आणि साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्हमध्ये त्या काळातली कागदपत्रं ऑनलाइन सापडतात.

सगळ्यात अवघड भाग लोक गाळतात तो म्हणजे आपलं घर. "गोऱ्यांनी मारलं", "काळी पोरं तशीच" असं सरसकट लिहू नका, कुठल्या पोराने काय केलं तेवढंच लिहा. आणि जेवताना काका-मामा काळ्या लोकांबद्दल काय बोलायचे, कोणाशी मैत्री करायची नाही म्हणून सांगायचे, तेही त्याच वहीत आलं पाहिजे, नाहीतर ती नुसती तक्रार होते. मधे कोण पडलं हेही विचारा, दादाच्या बाबतीत कॅफेटेरियात काम करणाऱ्या एक काळ्या बाई होत्या, त्या त्याला मागच्या दाराने बाहेर सोडायच्या.

नावं बदला, मारणाऱ्यांचीसुद्धा, तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती ती. आणि लिहून झालं की फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी ज्याच्या आठवणी आहेत त्याला वाचायला द्या, तो म्हणाला अमुक पान काढ तर काढायचं, वाद घालायचा नाही.