सिलिॲकचा संशय आहे? तपासणीआधी पोळी बंद करू नका

सिलिॲक या आजारात गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजतात आणि पोरगं कितीही जेवलं तरी अंगी लागत नाही. सतत जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची, गोळ्या देऊनही न हटणारा ॲनिमिया. आपल्या भागात रक्त कमी दिसलं की आधी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण ती नॉर्मल आली की शोध तिथंच थांबतो. तो थांबू देऊ नका.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे आधी गहू बंद करणं. वर्ध्याकडच्या एका खेड्यातली मुलगी माझ्याकडे आली होती. कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगितलं आणि घरच्यांनी उन्हाळाभर पोळी बंद ठेवली. पोरगी बरी झाली, मग तपासणी केली, रिपोर्ट निगेटिव्ह. "काहीच नाही न तिले," म्हणून आजीनं पुन्हा पोळी वाढली, आणि पावसाळ्यात जुलाब परत सुरू. ग्लूटेन बंद झालं की रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात, आतडंही भरून येऊ लागतं; मग रिपोर्ट काय दाखवणार? शेवटी पोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीत काही आठवडे तिला रोज पोळी खाऊ घालावी लागली. "माह्या हातानं पोरीले दुखणं चारून रायली मी," असं तिची आई म्हणाली. मग टीटीजी (सिलिॲकमध्ये रक्तात वाढणारी अँटिबॉडी) वाढलेलं आलं, दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यानं निदान पक्कं झालं. एवढा त्रास त्या लेकराला निव्वळ घाईपायी झाला.

क्रम साधा आहे: गहू चालू असतानाच टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए (हा अँटिबॉडीचा एक प्रकार; तो मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवते), आणि मग डॉक्टर सांगतील तशी एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी. गहू आधीच सोडला असेल तर आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका, डॉक्टरांना तसं सांगा.

निदानानंतरची माझी चिडीची जागा म्हणजे चक्की. ज्वारी, तांदूळ, बाजरी, नाचणी, डाळी सगळं चालतं. महागडी पाकिटं घ्यायची गरज नाही. पण ज्वारी त्याच चक्कीवर जाते, जिथं आत्ताच गव्हाचं दळण उतरलं. पीठ पडतं त्या कापडी तोंडाला आतून कणीक चिकटलेली असते, ती हात घालून बघा एकदा. ग्लूटेन-फ्री लिहिलेल्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं, यावरून अंदाज घ्या. "आधी थोडी ज्वारी दळून टाकली" हा उपाय मला पटत नाही. मी घरघंटी नाहीतर जातं सांगतो, तेही फक्त त्या लेकराच्या धान्यासाठी. परात आणि पोळपाटही वेगळे ठेवा.

डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचा. रवा, मैदा, शेवया, गव्हाची कुरडई, सातू बंद. महाप्रसादातला गव्हाचा रोडगा, एक घाससुद्धा नाही. बरं वाटलं म्हणून पथ्य सोडायचं नाही, ते जन्मभराचं आहे.

आणि भावंडांची, आईवडिलांची तपासणी करून घ्या, लक्षणं नसली तरी. साधारण दहातल्या एका जवळच्या नातलगात हा आजार निघतो. पण तपासणी होईपर्यंत त्यांचीही पोळी चालूच ठेवा.