प्रोग्रामला निघण्याआधी : बेसवाल्याची तयारीची यादी

नागपुरात बेस गिटार वाजवणाऱ्याला एका आठवड्यात दोन टोकांच्या जागा मिळू शकतात. शनिवारी वर्धा रोडवरचं उघडं लॉन, रविवारी सिव्हिल लाइन्समधलं देशपांडे सभागृह. सामान तेच, हात तेच, पण आवाज दोन्हीकडे सारखा लागत नाही. तयारीची सगळी यादी एका गोष्टीवर उभी आहे आणि ती आधी मनात पक्की करा: स्टेजवरचा अ‍ॅम्प तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी असतो, लोकांपर्यंत बेस पोचतो तो मिक्सरमधून, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करून मोठ्या स्पीकरला देणाऱ्या यंत्रातून. त्यामुळे मिक्सरला जाणारी लाइन आणि स्टेजवरची वीज यांची काळजी पहिली, अ‍ॅम्पची नंतर. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात. मोठं कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) ओढत नेतात आणि डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी डबी) साउंडवाल्यांकडे असेलच असं धरून चालतात.

चार दिवस आधी फोन करा, तोही आयोजकांना न करता साउंडवाल्या भाऊंना. डीआय आहे का, सब (खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर) किती आणि कुठे ठेवणार, बेसला वेगळा मॉनिटर (स्टेजवर स्वतःला ऐकायचा स्पीकर) मिळेल का, स्टेज बिछायत केंद्राच्या पाट्यांचं आहे की सिमेंटचं, वीज लाइनची की जनरेटरची, एवढं विचारलं की अर्धी तयारी फोनवरच होते. पोकळ लाकडी स्टेज असेल तर अ‍ॅम्पखाली ठेवायला जाड फोम लागेल, हे त्याच वेळी कळतं.

मग वाद्याकडे वळा. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर 9 व्होल्टची नवी बॅटरी घाला आणि एक खिशात ठेवा. जॅक लावलेला असेपर्यंत ही बॅटरी खर्च होत राहते, वाजवा किंवा नका वाजवू. रिहर्सलनंतर केबल काढून ठेवायची सवय म्हणूनच हवी. नेकची (तारांखालच्या लांब दांड्याची) तपासणी नागपूरच्या हवेत दर ऋतूला करावी लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला लागायला लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड ओल धरतं आणि तारा वर उचलल्यासारख्या वाटतात. ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावायचा तो प्रोग्रामच्या दोन-तीन दिवस आधी, थोडा थोडा; त्याच दिवशी अजिबात नाही. मे महिन्यात बेस बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, डिंक आणि पॉलिश दोन्ही धोक्यात येतात.

बॅगेत काय असावं? स्वतःचा डीआय बॉक्स, तपासलेल्या दोन जॅक केबल, दहा मीटरची एक एक्सएलआर (मिक्सरकडे जाणारी तीन पिनांची केबल), अ‍ॅम्पची पॉवर केबल (कॉम्प्युटरला असते तीच, सीताबर्डीच्या बाजारात कुठेही मिळते), तीन पिनांचा चांगला एक्स्टेंशन बोर्ड, अ‍ॅम्पवर लिहिलेल्या क्षमतेचे फ्यूज, तारांचा जुना पण धड सेट, टॉर्च, गॅफर टेप आणि मल्टिमीटर. ट्यूनर पेडल हवंच, कारण त्याने आवाज बंद करून तार लावता येते. क्लिपवाला ट्यूनर ड्रमच्या कंपनात गोंधळतो.

कॅबिनेट जोडताना ओहम (विजेला होणारा विरोध) बघा; आकडा जितका कमी, तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त. आठ ओहमची दोन कॅबिनेट एकत्र लावली की अ‍ॅम्पवर चार ओहमचा भार येतो. बऱ्याच अ‍ॅम्पची तीच खालची मर्यादा असते, त्यामुळे तिसरं कॅबिनेट जोडायचा मोह टाळा. अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकर केबलच लागते. गिटारची केबल आतून बारीक असते, ती तापते. वॉटच्या मागे फार धावू नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. माझ्या मते डीआय चांगला असेल तर तीनशे वॉटचा हलका अ‍ॅम्प आणि एक कॅबिनेट आपल्याकडच्या बहुतेक स्टेजला पुरतं.

आता विजेबद्दल. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आवाज बिघडला तर लोक विसरतात, पण शॉक बसला तर माणूस जातो. बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गायकाचा माइक मिक्सरच्या अर्थिंगला. हे दोन अर्थ वेगळ्या ठिकाणांहून आले असतील, किंवा एकीकडे अर्थिंगच नसेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागताच तुमच्या अंगातून करंट जातो. लॉनवर जनरेटर, लाइन आणि डेकोरेशनची वायरिंग एकमेकांत मिसळलेली असते, तिथे हे होऊ शकतं. म्हणून काही लावण्याआधी बोर्डवर मल्टिमीटर धरा. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण 230 व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. फेज आणि अर्थचा आकडा विचित्र आला तर अर्थिंग नाही असं समजा आणि इलेक्ट्रिशियन भाऊंना बोलवा. ते येईपर्यंत प्लग लावू नका. सगळं चालू झाल्यावर मीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. तिथे शून्याच्या आसपास यायला हवं. गाणारे बेसवाले असाल तर ही तपासणी कधीच सोडू नका.

हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) आला म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे लोक अजून आहेत. तसं कुणी करत असेल तर त्याला थांबवा. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका याच कामासाठी असतो: तो मिक्सरकडे जाणाऱ्या केबलची शील्ड (तारेभोवतीची जाळी) तोडतो, अ‍ॅम्पची अर्थिंग जागेवर राहते. शिवाय साउंड आणि बॅकलाइन (स्टेजवरचे अ‍ॅम्प आणि वाद्यं) एकाच फेजवर मागून घ्या. लाइट्स आणि कूलर दुसऱ्या फेजवर. उन्हाळ्यात स्टेजच्या बाजूला लावलेले मोठे कूलर तुमच्याच बोर्डवर असतील तर मोटारीची घरघर स्पीकरमध्ये येते, आणि कूलरची ओली हवा अ‍ॅम्पच्या तोंडावर सोडणं तर अगदीच वाईट. हलक्या अ‍ॅम्पना मोकळी हवा लागते. ऊन त्यांच्यावर पडत असेल तर संध्याकाळच्या साउंड चेकलाच ते तापून बंद पडू शकतात. परदेशातून आणलेला अ‍ॅम्प असेल तर मागच्या बाजूला व्होल्टेज किती लिहिलंय ते वाचा. 120 व्होल्टवाल्याला ट्रान्सफॉर्मर लागतो.

अ‍ॅम्प कुठे ठेवायचा हा प्रश्न जागेवर पोचल्यावर सुटतो, पण विचार घरून करून निघा. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झला वाजते, आणि त्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी लांब लाट कोणत्याही एका दिशेने जात नाही, ती सगळीकडे पसरते. बोटाचा टकटक आवाज, तारेची धार, हे मात्र सरळ पुढे जातं. अ‍ॅम्प जमिनीवर तुमच्या पोटरीमागे असेल तर तुम्हाला नुसती घुमघुम ऐकू येते आणि धार पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना. मग तुम्ही आवाज वाढवता, आणि साउंडवाले भाऊ हाताने खाली करा म्हणून खुणावतात. अ‍ॅम्प खुर्चीवर किंवा क्रेटवर चढवा, नाहीतर मागे तिरपा करून कानाकडे वळवा. आवाज अर्ध्यावर आणूनही नीट ऐकू येईल. जागा ड्रमरच्या हाय-हॅटच्या (पायाने चालणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला घ्या, म्हणजे त्याचा किकचा (मोठ्या ड्रमचा) पाय तुम्हाला दिसतो आणि तुमचा आवाज त्याला मिळतो.

सभागृहाची मागची भिंत विटांची असते. अ‍ॅम्प भिंतीपासून एक मीटरवर ठेवला तर भिंतीवरून परत येणारी लाट 85 हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला मारते, नेमकी जिथे बेसची ताकद असते. भिंतीला वीतभर अंतरावर सरकवा, ताकद परत येते. फार घुमायला लागलं तर अ‍ॅम्पवरचा बेसचा नॉब थोडा कमी करा. लॉनवर मागे फक्त कापड असतं आणि कापड या लाटा परत पाठवत नाही. म्हणून रिहर्सल रूममध्ये भरीव वाटणारा तुमचा आवाज तिथे पोकळ लागतो. बेसचा नॉब पूर्ण फिरवायची इच्छा होईल, पण तशाने अ‍ॅम्पची सगळी शक्ती खालीच खर्च होते. त्याऐवजी 700 ते 900 हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं वर जा, 250च्या आसपास थोडं कापा. बेस ढोल आणि कीबोर्डमधून वर येतो.

साउंड चेकला मिक्सरकडे जाणारी लाइन अ‍ॅम्पच्या इक्यूआधीची (आवाजाचा पोत बदलणाऱ्या नॉबच्या आधीची) द्या, म्हणजे तुम्ही स्टेजवर नॉब फिरवला तरी बाहेरचा आवाज बदलणार नाही. 30 ते 40 हर्ट्झच्या खालचं मिक्सरवर काढून टाकायला सांगा. तिथे संगीत कमी आणि स्टेजची धडधड जास्त असते. पाच तारांचा बेस असेल तर हे 30च्या जवळच ठेवा, कारण त्याची सगळ्यात जाड तार (बी सूर) 31 हर्ट्झला आहे. एकट्याने सोलो वाजवून साउंड चेक करणं मला पटत नाही. ड्रमरसोबत एक अख्खं कडवं वाजवा, सगळ्यात जाड तारेपासून वरपर्यंत एकेक सूर सावकाश चढत जा, जो सूर स्टेजवर अचानक फुगतो तो लक्षात ठेवा आणि तेवढीच जागा कापा. थंडीत लॉनवर ट्यूनिंग दिवस मावळल्यावर पुन्हा तपासा. दव पडायला लागलं की अ‍ॅम्पवर टॉवेल टाकू नका, मागची जाळी बंद होते. वरून आडोसा करा.

कानासाठी प्लग घ्या. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पण 100 डेसिबलला पंधरा मिनिटंच सुरक्षित धरली जातात, आणि क्रॅश सिंबलच्या बाजूला उभ्या असलेल्या बेसवाल्याची पंधरा मिनिटं पहिल्या तीन गाण्यांतच संपतात.

वेळेचंही घरूनच ठरवा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. शेजारच्या घरांच्या भिंतींतून सगळ्यात आधी बेसच जातो, त्यामुळे तक्रार आली की बोट तुमच्याकडे येतं. सेट लिस्टमधली बेसवर उभी असलेली गाणी साडेनऊच्या आत ठेवायला बँडला सांगा.

आवरताना आधी साउंडवाल्यांना तुमचं चॅनल म्यूट करायला सांगा, मग अ‍ॅम्प बंद करा, मग केबल काढा. डीआय बॉक्स मिक्सरच्या केबलींच्या ढिगात जातो आणि तिथेच राहतो, म्हणून त्यावर टेप लावून नाव लिहा आणि तो सगळ्यात आधी बॅगेत टाका.