जुन्या पीसीवर लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडते? बूट ऑप्शन असे तपासा

लालबागला आमच्या चाळीच्या अभ्यासिकेत सात पीसी आहेत. एकही नवा घेतलेला नाही. कुणाच्या ऑफिसातून निघालेले, कुणाच्या घरी माळ्यावर पडून राहिलेले. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून असे पीसी दारात येणं आणखी वाढलंय. विंडोज ११ त्यांना चालत नाही, म्हणून लोक थेट भंगारवाल्याला हाक मारतात. त्यातले बरेचसे लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी फुकट टाकता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, अजून काही वर्षं आरामात काम करू शकतात, म्हणून हा लेख.

अडतं कुठे, तर अगदी सुरुवातीला. पेनड्राइव्हवरून पीसी सुरू होतो, लोगो दिसतो आणि स्क्रीन काळी. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणतो, "काका, गेला हा." बहुतेक जण इथेच हात टेकतात.

पीसी गेलेला नसतो. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सुरू होताना प्रत्येक पार्टची चौकशी करतो: ग्राफिक कार्ड कोणतं, प्रोसेसरचे कोअर किती, वीज कशी सांभाळायची. जुना बायोस (पीसी चालू करताच मदरबोर्डवरून आधी चालणारा प्रोग्राम) यातल्या एखाद्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देतो आणि गाडी तिथेच अडते. बूट ऑप्शन म्हणजे कर्नलला आधीच बजावून ठेवणं, की ही चौकशी करू नकोस. कोणती चौकशी, एवढंच आपल्याला शोधायचंय.

आधी हे बघून घ्या

प्रोसेसर ६४ बिटचा आहे का? कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. सुरुवातीचे पेंटियम ४ आणि २००८ च्या सुमाराच्या छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० मात्र ३२ बिटचे. त्यांच्यावर लिनक्स मिंट २२ चालणारच नाही, कितीही ऑप्शन लावा (मिंट आणि डेबियन हे लिनक्सचेच प्रकार). त्यांच्यासाठी डेबियन १२ ची ३२ बिटची आवृत्ती घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला आहे.

पेनड्राइव्ह रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने बनवत असाल, तर जुन्या बायोससाठी पार्टिशन स्कीम एमबीआर निवडा. डाउनलोड केलेल्या फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइल पूर्ण आणि जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळतो का, हेही एकदा बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे अख्खा रविवार वाया गेलेले लोक मी पाहिलेत.

पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या यूएसबी २ च्या पोर्टला लावा. निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टवरून कित्येक जुन्या बायोसना बूट करता येत नाही. सुरुवात होऊन मध्येच "इनिटरॅमएफएस" असा प्रॉम्प्ट आला आणि लाइव्ह फाइल सिस्टिम सापडत नाही असा संदेश दिसला, तरी पहिला उपाय पोर्ट बदलणं हाच.

पीसी उघडून दोन कामंही करून टाका, अर्थात वायर काढून. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. साध्या खोडरबरने त्या हलक्या हाताने पुसा आणि रॅम परत घट्ट बसवा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, बदला. तो मेलेला असला की प्रत्येक वेळी बायोसच्या सेटिंग विसरल्या जातात आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग लिनक्स बसल्यावर अपडेट सर्टिफिकेटच्या नावाने अडून बसतं आणि कारण लक्षातच येत नाही.

ऑप्शन टाकायचा कुठे

पीसी सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मॉडेलवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९. पेनड्राइव्ह निवडल्यावर लिनक्सचा मेनू येईल. त्यात पहिल्या ओळीवर राहून "ई" दाबा. काही ओळींचा मजकूर उघडेल. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे "क्वाएट स्प्लॅश" असे दोन शब्द असतील आणि त्यांच्यानंतर दोन-तीन आडव्या रेघा. आपला ऑप्शन त्या रेघांच्या आधी, एक जागा सोडून लिहायचा. मग कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१०. सगळे शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत.

मिंटचा पेनड्राइव्ह जुन्या बायोसवर लावला की बऱ्याचदा मेनूच वेगळा येतो. तिथे "ई" दाबून काही होत नाही. टॅब दाबा, खाली तीच ओळ दिसेल. ती बदलून एंटर. ही एक कळ माहीत नसल्यामुळे मी स्वतः पहिल्या पीसीसमोर दोन संध्याकाळी बसलो होतो.

मेनूत कीबोर्डच चालत नसेल, तर बायोसमध्ये जाऊन लेगसी यूएसबी सपोर्ट सुरू करा. तेही जमत नसेल तर लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून पाच-दहा मिनिटांवर, जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड मागून बघा.

हे बदल फक्त त्या एका बूटपुरते असतात. रीस्टार्ट केलं की पुसले जातात, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा.

पहिला प्रयोग: काहीच न घालता दोन शब्द काढा

"क्वाएट" आणि "स्प्लॅश" खोडा आणि बूट करा. आता लोगोऐवजी पांढऱ्या ओळी सरकताना दिसतील. जिथे थांबतील तिथे मोबाइलने फोटो काढा. पुन्हा सुरू करा, पुन्हा फोटो. दर वेळी त्याच ओळीवर थांबत असेल तर बूट ऑप्शनने सुटण्याची आशा दांडगी. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल, तर रॅमवर संशय घ्या आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. मला विचाराल तर या एका तपासणीने जेवढा वेळ वाचतो तेवढा दुसऱ्या कशानेच वाचत नाही.

नोमोडसेट

ओळी सरकतात, हार्ड डिस्कचा दिवाही लुकलुकतो, फक्त चित्र जातं. अशा वेळी "नोमोडसेट" लिहा. एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सलग. कर्नल सुरू होता होताच स्क्रीनचं रिझोल्यूशन स्वतःच्या हातात घेतो, ते त्याला घेऊ द्यायचं नाही असा याचा अर्थ. मग तो बायोसने दिलेल्या साध्या चित्रावर भागवतो.

अभ्यासिकेतला तिसरा पीसी असाच. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड. चार वेळा काळी स्क्रीन. नोमोडसेट लिहिलं आणि मिंटचा डेस्कटॉप आला, पण १०२४ बाय ७६८ मध्ये, अक्षरं ढोबळ, खिडकी ओढली की मागे रेषा उमटत होत्या. घाबरू नका, इन्स्टॉल करण्यापुरतं हे पुरेसं आहे. पूर्ण अपडेट झाल्यावर एकदा नोमोडसेट काढून बघा. नव्या कर्नलवर चित्र नीट आलं तर ठेवायचं कशाला? त्याच्यामुळे ग्राफिक कार्डाचा वेग वापरला जात नाही, व्हिडिओ अडखळतात.

एसीपीआय आणि एपीआयसी

ही दोन वेगळी नावं आहेत, फक्त अक्षरांची जागा बदलली आहे, आणि सगळेच इथे गफलत करतात. वहीत लिहून घ्या. एसीपीआय म्हणजे वीज, पंखा, बॅटरी यांची व्यवस्था. एपीआयसी म्हणजे पार्टांकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाका वाटून देणारी चिप.

चित्र जाण्याऐवजी ओळीच थांबत असतील, तर आधी "नोएपीआयसी" (एन-ओ-ए-पी-आय-सी) लावून बघा. नाही जमलं तर ते काढा आणि "नोएलएपीआयसी" (एन-ओ-एल-ए-पी-आय-सी) लिहा. "एसीपीआय" बरोबर चिन्ह "ऑफ", मध्ये जागा न सोडता, हा अगदी शेवटचा उपाय. त्याने पीसी सुरू होईल, पण शटडाउन केल्यावर बटण दाबून बंद करावा लागेल, लॅपटॉपची बॅटरी किती उरली ते कळणार नाही, कधी कधी दोनपैकी एकच कोअर चालेल. मुलांच्या रोजच्या वापराला असा पीसी मी देत नाही, आधी बाकीचं सगळं करून बघतो.

एका वेळी एकच ऑप्शन. चार एकदम लावले आणि चाललं, तर कशामुळे चाललं हे कळत नाही, आणि नको असलेले तीन कायमचे बसतात. मिंटच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड नेमकं हेच करतो, बरेच ऑप्शन एकदम लावतो. पीसीत जीव आहे का, हे बघायला तो उत्तम. पण तो चालला की मागे या आणि एकेक करून तपासा.

बाकीचं थोडक्यात. पेंटियम एम असलेल्या जुन्या लॅपटॉपवर पीएई (जास्त रॅम वापरण्याची प्रोसेसरची सोय) नसल्याची तक्रार आली तर "फोर्सपीएई" (एफ-ओ-आर-सी-ई-पी-ए-ई). इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसत नसेल तर तो प्रश्न बूट ऑप्शनचा नसतो. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) रेड असेल तर तो एएचसीआय करा, पण डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर त्याची सोय आधी करा, नाहीतर ते सुरू होणार नाही.

बसल्यावर कायमचं करा

इन्स्टॉल झालं, पेनड्राइव्ह काढला, आणि पुन्हा काळी स्क्रीन! साहजिक आहे, आपला ऑप्शन पेनड्राइव्हच्या मेनूत होता. सुरू करताना शिफ्ट दाबून धरा, ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. तिथे "ई" दाबून तोच ऑप्शन लिहा आणि आत जा. मग ईटीसी फोल्डरात डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल अ‍ॅडमिनच्या हक्काने उघडा. "ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट" या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत "क्वाएट स्प्लॅश"च्या पुढे ऑप्शन लिहा, सेव्ह करा आणि टर्मिनलमध्ये "सुडो अपडेट-ग्रब" चालवा. रीस्टार्ट करून हात न लावता डेस्कटॉपपर्यंत येतो का बघा.

मग एका कागदावर त्या पीसीचा ऑप्शन, बूट मेनूची कळ आणि सेल बदलल्याची तारीख लिहून कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. आमच्या सातही पीसींना असे कागद आहेत. गेल्या महिन्यात तिसऱ्या पीसीची डिस्क गेली, तेव्हा बारावीतल्या मुलीने तो कागद वाचून नव्या डिस्कवर मिंट एकटीने टाकलं.