खिशातला जीपीएस लोकेटर: खूण कुठे करायची, कधी करायची

मुठीत मावेल एवढं हे यंत्र दोनच गोष्टी सांगतं: खूण केलेली जागा कुठल्या दिशेला आहे आणि किती लांब आहे. नकाशा नाही, सिम नाही, मोबाईलच्या टॉवरशी देणंघेणं नाही. ‘लोकेटर’ नाव ऐकून घरच्यांना वाटतं की आपण कुठे आहोत ते त्यांना कळेल. तसं काही होत नाही. साधं लोकेटर उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतं, स्वतः कुणाला काही पाठवत नाही.

बहुतेक छोट्या यंत्रांत तीन खुणांची जागा असते: घर, गाडी आणि तारा. चालू करा, उपग्रहाचं चिन्ह लुकलुकायचं थांबेपर्यंत थांबा, हवं ते चित्र निवडा आणि खुणेचं बटण दोनेक सेकंद दाबून धरा. त्याच चित्रावर पुन्हा दाबलंत तर जुनी खूण पुसली जाते, म्हणून कुठलं चित्र कशासाठी हे एकदाच ठरवून टाका.

सगळ्यात जास्त चूक होते ती या थांबण्यात. लोक गाडीतून उतरतात, बटण दाबतात आणि बोलत बोलत चालू लागतात. जागा आणि उंची ठरवायला निदान चार उपग्रह लागतात, आणि प्रत्येक उपग्रहाला आपल्या कक्षेची ताजी माहिती सांगायला 30 सेकंद लागतात. मध्येच झाड किंवा छज्जा आडवा आला की ते ऐकणं तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. यंत्र महिनाभर बंद असेल किंवा दुसऱ्या शहरातून आणलेलं असेल तर आणखी वेळ लागतो, कारण सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक प्रसारित व्हायलाच साडेबारा मिनिटं लागतात. तेव्हा उघड्या आकाशाखाली, तळहातावर आडवं धरून, एका जागी उभे राहा. चहा होईपर्यंत काम होऊन जातं.

शहरात, म्हणजे इंदूरच्या राजवाड्याजवळ गाडी लावून रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला जायचं असेल, तर अपेक्षा माफक ठेवा. मोकळ्या मैदानात चूक साधारण पाच मीटरची असते, आणि ती दोनदा होते: एकदा खूण करताना, एकदा परत येताना. अरुंद गल्लीत संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात, त्यामुळे 20-30 मीटर सहज हुकतात. यंत्र तुम्हाला रांगेपर्यंत आणेल, स्कूटर डोळ्यांनीच शोधायची. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर खूण होतच नाही. तिथे उतार चढून वर आल्यावर फाटकापाशी करा आणि मजला-खांबाचा नंबर कागदावर लिहा.

खरी कसोटी इंदूरजवळच्या महूच्या पुढे, पातालपाणी धबधबा आणि चोरलच्या बाजूला लागते. बाण सरळ रेषेत दाखवतो, पायवाट तशी जात नाही. स्क्रीनवर 400 मीटर दिसतात आणि मध्ये सुमारे 300 फुटांची दरी असते. बाण डावीकडे दरीत बोट दाखवतो आणि तुमची वाट उजवीकडे वळते, म्हणून घाबरून वाट सोडू नका. अंतर थोडा वेळ वाढलं तरी चालेल. यासाठीच ताऱ्याची खूण गाडीजवळ वाया घालवायची नाही. जिथे वाट फुटते किंवा जिथे ओढा ओलांडला, तिथे ती ठेवा. परतताना आधी ताऱ्याकडे या आणि तिथून गाडीकडे वळा. सकाळी कोरडा ओलांडलेला ओढा दुपारी भरलेला असेल तर बाणाचं ऐकून त्यात उतरू नका. जुलै 2011 मध्ये पातालपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली आहेत. पाणी ओसरेपर्यंत उंचावर थांबणं हाच त्यावर उपाय.

बाण भलतीकडेच वळत असेल तर बिघाड बहुधा यंत्रातल्या होकायंत्राचा असतो, जीपीएसचा नाही. चुंबक लावलेलं मोबाईलचं कव्हर, गाडीचं बॉनेट, लोखंडी रेलिंग, विजेच्या तारा यांपासून दोन पावलं लांब जा. यंत्र आडवं धरा, कारण तिरपं धरलं की स्वस्त होकायंत्र चुकतं. तरीही पटत नसेल तर हवेत इंग्रजी आठच्या आकारात ते सावकाश दोन-तीनदा फिरवा. सेल बदलल्यावरही हे करायचं. दाट पावसाळी जंगलात ओली पानं संदेश अडवतात, शिवाय यंत्र पॅन्टच्या खिशात असलं की आपलंच अंग आडवं येतं. ते शर्टाच्या वरच्या खिशात किंवा दोरीने गळ्यात बरं.

जंगलात नेण्याआधी मेघदूत उपवनात एक फेरी मारून बघा. फाटकापाशी खूण करा, 300 मीटर चाला, परत त्याच फरशीवर उभे राहा आणि अंतर किती उरलंय ते वाचा. त्याच वेळी यंत्र मीटरमध्ये आहे की यार्डात तेही तपासा. यार्ड-मीटरचा गोंधळ परवडतो, मैल आणि किलोमीटरचा नाही.

अशा बहुतेक यंत्रांना रिमोटमधले बारीक दोन सेल लागतात. एक जुना, एक नवा असं जोडू नका. चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे असल्यामुळे बॅटरीची खूण लवकर रिकामी दिसते, त्यावरून पटकन फेकू नका. जादा जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सोबत ठेवा. पावसाळा संपला आणि यंत्र कपाटात जाणार असेल तर सेल काढून घ्या, नाहीतर ते पाझरतात आणि पुढच्या जुलैला आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या सापडतात.