सीताफळ छाटताना हात आखडू नका

सीताफळ म्हणजे माळावरचं झाड, त्याला कात्री कशाला, असं आमच्या पुरंदरात अजूनही कानावर येतं. डोंगरउताराला आपोआप उगवलेल्या झाडांचं ठीक आहे. पण बागेत किंवा परसात लावलेलं झाड दरवर्षी छाटायलाच हवं, कारण फुलं मुख्यतः नव्या फुटीवर येतात.

मी मृग बहार धरते, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलांवर फळ घेते. फेब्रुवारीनंतर पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मे अखेरीस छाटणी घ्यायची. आधी वाळक्या फांद्या, मग एकमेकींना घासणाऱ्या, मग मधोमध सरळ वर गेलेले फोक. खोड दीड-दोन फूट मोकळं ठेवून वर चार-पाच मुख्य फांद्या चहूबाजूंना राखायच्या. गेल्या वर्षीच्या बारीक काड्या पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंत मागे घ्यायच्या. खोडाजवळ उभं राहून वर पाहिलं की आभाळ दिसलं पाहिजे. दाट, अंधाऱ्या झाडात पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी दिसणारी कीड, हटत नाही.

काळी पडून झाडावरच सुकलेली फळं अजिबात ठेवू नका. ती वेचून जाळा.

आता जे बरेच जण सोडून देतात ते. काडीवर उरलेलं एखादं पान देठासकट अलगद खाली ओढा. देठ सुटला की त्याच्या बुडाखाली झाकलेला लवदार डोळा उघडा पडतो. देठ तिथून हलल्याशिवाय हा डोळा फुटत नाही. म्हणून छाटणीनंतर राहिलेली पानं मी हातानं उतरवते. काम वेळखाऊ आहे, पण बाग एकसारखी फुटते.

जाड फांदीच्या कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. दोन-चार झाडांना 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना आणि 1 लिटर पाणी पुरतं. भांडं प्लास्टिकचं घ्या, मोरचूद लोखंडाला खातं. खोडाला चिकट पट्टी बांधली की मुंग्या वर चढत नाहीत, आणि पिठ्या ढेकणाला सांभाळणाऱ्या त्याच असतात.

मग आळ्यात कुजलेलं शेणखत घालून पाणी सुरू करा.

परसात एकटंच झाड असेल तर फुलं येऊनही फळ कमी धरतं, कारण फूल आधी मादी असतं आणि मग नर होतं. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग कागदावर झटका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलांत मऊ ब्रशनं फिरवा.