पत्रिकेत ‘सान छी’ निघाला म्हणताय? आधी या चुका टाळा

चिनी ज्योतिषाच्या ॲपमध्ये जन्मतारीख टाकली की आजकाल खाली सोनेरी बॅज येतो, ‘सान छी ग्वेरेन’ (‘तीन नवलं’ नावाचा शुभ योग), असामान्य बुद्धी, लाखात एक वगैरे, आणि मग त्याचे स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर फिरतात. योग खराच आहे, म्हणजे जुन्या चिनी ग्रंथांत आहे, पण तो जितक्या लोकांना ‘निघतो’ तितक्यांना असूच शकत नाही. आपला गजकेसरी बघा, चंद्रापासून केंद्रात गुरू एवढीच अट धरली तर दर तिसऱ्या पत्रिकेत सापडतो. सान छी तसा नाही, तो दुर्मिळ आहे, आणि गंमत अशी की तो आहे की नाही हे बऱ्याचदा नुसतं कॅलेंडर बघूनही सांगता येतं.

आधी थोडक्यात. बाझी म्हणजे चार खांबांची पत्रिका: वर्ष, महिना, दिवस, वेळ. प्रत्येक खांबाला दोन अक्षरं, वरचं दहापैकी एक (जिया, यी, बिंग, डिंग, वू, जी, गेंग, शिन, रेन, ग्वे) आणि खालचं बारापैकी एक, तेच ते उंदीर-बैल-वाघवाले प्राणी. सान छी बघायचा तो फक्त वरच्या ओळीत. तीन त्रिकुटं आहेत: जिया-वू-गेंग हा आकाशाचा, यी-बिंग-डिंग हा पृथ्वीचा, रेन-ग्वे-शिन हा माणसाचा. मिंग काळातल्या वान मिनयिंगच्या ‘सानमिंग थोंगहुई’ या ग्रंथात हे दिलेलं आहे. काही परंपरांत यी-बिंग-डिंगला आकाशाचा म्हणतात, त्यामुळे नेटवर दोन्ही लेबलं सापडतील, त्यात अडकू नका, अक्षरं तीच आहेत.

क्रम न बघणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तीन अक्षरं पत्रिकेत कुठेतरी असून भागत नाही, ती ओळीने आणि सलग लागतात, म्हणजे वर्ष-महिना-दिवस किंवा महिना-दिवस-वेळ. वर्षात गेंग, दिवसात जिया, वेळेत वू असं असेल तर तो सान छी नाही, पण कितीतरी ॲप नुसतं ‘तिन्ही आहेत का’ एवढंच चेक करतात आणि बॅज चिकटवतात. काही जण तर त्याहून पुढे जाऊन खालच्या प्राण्यांच्या पोटात जी लपलेली अक्षरं असतात ती पण मोजतात, आणि तसं मोजायला लागलं तर मग कोणाच्याही पत्रिकेत काहीही निघेल. अजून एक, ॲपमध्ये ‘वू’ दोन ठिकाणी दिसतो, एक वरच्या ओळीतला (मातीचा) आणि एक खालच्या ओळीतला (घोडा). घोड्याचा वू धरून जिया-वू-गेंग जुळवू नका.

कॅलेंडरवर न पडताळणं

बाझीत महिन्याचं वरचं अक्षर वर्षावरून ठरतं आणि वेळेचं वरचं अक्षर दिवसावरून, ते मनाला येईल तसं येत नाही. त्यामुळे सान छीला जागाच फार थोडी उरते.

वर्ष-महिना-दिवस असा हवा असेल तर: जिया-वू-गेंगसाठी ४ ने संपणारं वर्ष (१९७४, १९८४, २०२४) आणि जन्म साधारण ५ एप्रिल ते ५ मे मधला. यी-बिंग-डिंगसाठी ५ ने संपणारं वर्ष आणि ८ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर. रेन-ग्वे-शिनसाठी २ ने संपणारं वर्ष आणि ६ मार्च ते ४ एप्रिल, किंवा मग त्याच्या पुढच्या वर्षीचा ५ जानेवारी ते ४ फेब्रुवारी. तारखा एखाद्या दिवसाने इकडेतिकडे होतात, पण या खिडक्यांच्या फार बाहेरचा जन्म असेल तर विषय संपला. आणि खिडकीत असला तरी दहा दिवसांतून एकच दिवस चालतो, म्हणजे पूर्ण खिडकीत साधारण तीन दिवस.

महिना-दिवस-वेळ असा असेल तर अजून सोपं. जिया-वू-गेंगमध्ये वेळ फक्त दुपारी ३ ते ५ येऊ शकते, बाकीच्या दोन्हींत फक्त संध्याकाळी ५ ते ७. म्हणजे सकाळी नऊला जन्मलेल्या पोराला कोणी महिना-दिवस-वेळेचा सान छी सांगत असेल तर ते चूक आहे, वाद घालायचीही गरज नाही.

वर्ष कधी बदलतं यात घोळ

बाझीचं वर्ष चिनी नववर्षाला, म्हणजे त्या लाल कंदिलांच्या सणाला बदलत नाही. ते बदलतं ‘लीछुन’ला, साधारण ४ फेब्रुवारीला, सूर्य एका ठरावीक अंशावर आला की. महिनेसुद्धा सूर्यावरच, चंद्रावर नाही. (आपल्या संक्रांतीशी याची सांगड घालायला जाऊ नका, आपली पद्धत निरयन (ताऱ्यांवरून मोजणारी) आणि ही सायन (ऋतूंवरून मोजणारी), दोघींच्या तारखा जुळत नाहीत.) ‘झवेइ दोउशू’ नावाची दुसरी चिनी पद्धत आहे ती चांद्र वर्ष-महिना धरते आणि काही ॲप दोन्हींची खिचडी करून ठेवतात, तिथून हा घोळ येतो.

याचा फटका कसा बसतो बघा. २०२३ चं चिनी नववर्ष होतं २२ जानेवारीला आणि लीछुन ४ फेब्रुवारीला. आता २ फेब्रुवारी २०२३ चं मूल घ्या. ज्या ॲपने सणाला वर्ष बदललं त्याने वर्षाचं अक्षर ग्वे केलं, झालं, सान छी गायब. बरोबर मांडलं तर वर्ष रेन-वाघ, महिना ग्वे-बैल, दिवस शिन-ससा, म्हणजे रेन-ग्वे-शिन अगदी ओळीने. २३ जानेवारीच्या मुलाचंही तेच, दिवस शिन-साप. म्हणजे घोळ दोन्ही बाजूंनी होतो, नसलेला योग दाखवला जातो तसा असलेला पुसलाही जातो. जानेवारी ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला जन्म असेल तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी चार्ट काढून वर्षाचा खांब जुळतो का ते बघाच.

वेळ आणि गाव

हा भाग आपल्या लोकांना सगळ्यात जास्त नडतो. पहिलं म्हणजे जन्मवेळ चिनी वेळेत बदलून टाकू नका. अडीच तास मिळवून टाकणारे बरेच आहेत, त्यांना वाटतं चिनी पत्रिका म्हणजे बीजिंगची वेळ. दिवस आणि वेळेचा खांब तुमच्या गावच्या सूर्यावर चालतो. फक्त लीछुनसारखा सूर्याचा क्षण बीजिंगच्या वेळेत छापलेला असेल तर त्यातून अडीच तास वजा करून भारतीय वेळ काढायची, बस.

दुसरं, घड्याळ आणि सूर्य यांतला फरक. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे जवळपास चौऱ्याहत्तरवर, म्हणजे पुण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे, मुंबईचा ३८-३९, नागपूरचा १३-१४ मिनिटं. चिनी वेळ दोन-दोन तासांच्या बारा तुकड्यांत मोजतात, त्यामुळे तुकड्याच्या कडेला जन्म असेल तर खांबच बदलतो. सगळे जण ही सुधारणा करत नाहीत, पण जे करतात त्यांचा चार्ट आणि ॲपचा चार्ट वेगळा आला तर कारण बहुतेक हेच असतं. आजी-आजोबांच्या पत्रिका काढत असाल तर मुंबईत १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ चालायचा, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढे केलेली होती, हे लक्षात ठेवा. खुद्द चीनमध्येही हा त्रास आहेच, अख्ख्या देशाला बीजिंगची एकच वेळ, त्यामुळे पश्चिमेला उरुमचीत सूर्य घड्याळाच्या दोन तासांहून जास्त मागे, शिवाय १९८६ ते १९९१ उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असायची.

तिसरं, दिवस कधी बदलतो. आपल्या पंचांगात सूर्योदयाला, बाझीत रात्री अकराला. अकरा ते बाराच्या मधल्या जन्मांसाठी दोन घराणी आहेत, एक म्हणतं अकरालाच पुढचा दिवस, दुसरं म्हणतं दिवस बाराला बदला. या तासात जन्म असेल तर सान छीचा दावा अर्धवट समजायचा, दोन्ही चार्ट काढायचे.

खालची ओळ न बघता उड्या मारणं

समजा वरचं सगळं जुळलं. तरी काम संपत नाही, कारण जुने ग्रंथ सान छीला एकट्याला फारसे मार्क देत नाहीत. त्याच्या सोबत ‘थ्येनयी’ हा उपकारी तारा असला तर कर्तृत्व मोठं, खालचे खांब एकमेकांना भिडत असले तर योग असून नसल्यासारखा, आणि ‘शून्यात’ (दर दहा दिवसांच्या गटात बारापैकी दोन प्राणी वगळले जातात, ते शून्य) गेला पण बळ असलं तर माणूस संसारापासून अलिप्त, पैशाला न भुलणारा असं सांगतात. ॲपचा बॅज यातलं काहीच बघत नाही.

एप्रिल २०२४ घेऊ, जिया वर्ष, वू महिना, दोन्हींच्या खाली ड्रॅगन. गेंगचे दिवस तीनच पडले: ६, १६ आणि २६ एप्रिल. (पुढचा गेंग ६ मेला, पण ५ मेलाच महिना बदलला, तो बाद.) तिन्ही दिवसांच्या मुलांना ॲप एकच बॅज देणार. आता नीट बघा. ६ एप्रिल हा गेंग-उंदीर दिवस, आणि त्या दिवसाच्या दहा दिवसांच्या गटात ड्रॅगन आणि साप ही दोन अक्षरं शून्य असतात, म्हणजे वर्ष आणि महिना दोन्हींचे ड्रॅगन शून्यात. १६ एप्रिल गेंग-कुत्रा, आणि कुत्रा-ड्रॅगन हे समोरासमोरचे वैरी, दिवसाची एकदम दोघांशी टक्कर. राहिला २६ एप्रिल, गेंग-माकड, हा त्यातल्या त्यात स्वच्छ.

पण थ्येनयी? जिया, वू, गेंग तिघांचाही उपकारी तारा त्याच दोन प्राण्यांत असतो, बैल आणि मेंढी. वर्ष-महिना-दिवसात दोन्हीपैकी काही नाही, तो वेळेतूनच यायला हवा. बैलाची वेळ पहाटे १ ते ३, पण २६ तारखेला बैल शून्यात आहे. उरली मेंढीची, दुपारी १ ते ३. आणि ती सूर्याची वेळ, म्हणजे पुण्यात घड्याळाने दीड वाजून गेल्यावर सुरू, नागपुरात एक वाजून दहा-बारा मिनिटांनी. पुण्यात सव्वाला झालेलं मूल घोड्याच्या वेळेत गेलं. अख्ख्या महिन्यातून नीटनेटकी म्हणावी अशी दोन तासांची एक खिडकी निघाली. सिझेरियनची तारीख ‘सान छीवर’ काढून देतो म्हणणारे लोक यातलं किती बघतात देव जाणे, माझं स्पष्ट मत आहे की डिलिव्हरीची तारीख डॉक्टरला ठरवू द्या.

वर २ फेब्रुवारी २०२३ चं मूल घेतलं होतं, तिथे मात्र चित्र छान आहे: रेन आणि ग्वेचा उपकारी ससा आणि साप, तो दिवसाखाली ससा म्हणून बसलाय, आणि शिनचा एक उपकारी वाघ तो वर्षाखाली. असं जुळून आलं तर मग जुने लोक मान डोलवायचे.

योगालाच पत्रिका समजणं

सान छी हा मुळात ‘शनशा’ प्रकारातला, म्हणजे वरून लावलेले तारे. ताटातलं लोणचं म्हणा, जेवण नव्हे. छिंग काळातल्या शेन श्याओचानने तर आपल्या ग्रंथात एक प्रकरणच लिहिलंय की ताऱ्यांचा पत्रिकेच्या मूळ घडणीशी संबंध नाही, आणि नंतरचा भाष्यकार रेन थ्येछ्याओ असल्या चमकदार योगांना चक्क उडवून लावतो. मुख्य प्रश्न असतो दिवसाचं वरचं अक्षर, म्हणजे तुम्ही स्वतः, बलवान की दुबळे आणि तुम्हाला काय हवं.

तीच ‘स्वच्छ’ पत्रिका घ्या: जिया-ड्रॅगन, वू-ड्रॅगन, गेंग-माकड, ग्वे-मेंढी. बाझीत प्रत्येक अक्षराला लाकूड, आग, माती, धातू, पाणी यांपैकी एक तत्त्व असतं. दिवस गेंग, म्हणजे धातू. दोन ड्रॅगन माती, मेंढी माती, वरचा वू पण माती. माती धातूला पोसते खरी, पण एवढी झाली की पुरून टाकते, चिनी ज्योतिषात याला ‘माती फार, धातू पुरला’ असंच म्हणतात. माती फोडायला लाकूड पाहिजे आणि ते वरच्या ओळीत एकटं जिया, तेही लांब वर्षात बसलेलं. म्हणून बहुतेक जाणकार बॅज सोडून आधी दहा-दहा वर्षांच्या दशा बघतील. आणि इथे मुलगा की मुलगी यावर सगळं फिरतं, कारण जियाच्या वर्षी मुलाच्या दशा पुढे चालतात, मुलीच्या मागे. मुलाला तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जी-साप लागते, मग गेंग-घोडा, मग शिन-मेंढी, म्हणजे वरच्या ओळीत परत माती आणि धातूच. मुलीला सातव्या-आठव्या वर्षी डिंग-ससा, सतराच्या पुढे बिंग-वाघ, आणि ससा-वाघ दोन्ही लाकूड. जन्माचं मिनिट एक, सान छी एक, पण मुलीला लाकूड ऐन शाळा-कॉलेजच्या वयात मिळतंय आणि मुलाला पन्नाशी उलटली तरी एकाही दशेच्या वरच्या अक्षरात ते दिसत नाही.